जंगली मासा दाण्यावर आणायचा तर उपास, मिसळण का संगत?

रोवणी सुरू झाली की बांध्यांमधी पाणी भरते, बोडीतले, म्हणजे लहान तळ्यातले मासे पाण्यासोबत वर चढतात, पोट्टे दुपट्ट्यानं नाहीतर टोपलीनं धरतात आणि त्यातले दोनचार कोणाच्या तरी घरच्या काचेच्या टाकीत जाऊन पडतात. मग आठ दिवसांनी ठरलेला फोन येतो. "दादा, मासा काहीच खाऊन नाही राहिला, दाणा टाकला तर पाहत पण नाही, काय करू आता?"

फोनवर हे एका वाक्यात सांगता येत नाही म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो. दाणा म्हणजे दुकानात मिळणारं माशांचं कोरडं, गोळ्यांचं खाणं, आणि त्याच्यावर आणायचे रस्ते तीन आहेत. एक म्हणजे उपाशी ठेवायचं, भूक लागली की खाईल. दुसरा, मासा जे खातो त्यातच दाणा थोडा थोडा मिसळत न्यायचा. तिसरा, दाणा खाणारा दुसरा मासा सोबत सोडायचा, त्याचं पाहून हा शिकतो. मी भंडारा जिल्ह्यात तलावाकाठच्या गावात राहतो त्यामुळं माशाची काही कमी नाही, तिन्ही रस्ते करून पाहिले, आणि एका रस्त्यानं मासे मारले पण आहेत, ते पुढं येईलच. चौथा रस्ता म्हणजे दाण्याचा नादच सोडायचा. काही माशांसाठी तोच खरा आहे.

सगळ्यात आधी हे डोक्यातनं काढा की मासा नखरे करून राहिला. त्यानं जन्मात दाणा पाहिलेला नाही. त्याच्या लेखी खाणं म्हणजे काहीतरी वळवळणारं, नाहीतर ज्याला ओळखीचा वास आहे असं काही. तुम्ही टाकलेला दाणा त्याच्यासाठी गिट्टीचा खडा आहे, आणि खडा कोण खातो.

आता मासा शिकार कशी करतो त्याच्यावर सगळं ठरते. मरळ डोळ्यानं शिकार करते, हललं की झडप. तसंच तो काचेसारखा आरपार दिसणारा चांदा, आणि पाण्याच्या वरच्या थरात काडीसारखा उभा राहणारा लांब चोचीचा मासा, शास्त्रात त्याला झेनेन्टोडॉन कॅन्सिला म्हणतात. हे सगळे नजरेवाले. दुसरीकडं शिंगूर, वाघूर आणि बाम, यांचं काम रात्रीचं. शिंगूर-वाघूरच्या मिशांवर चव घ्यायच्या पेशीच असतात, गढूळ पाण्यात अंधारात ते चिखल चाचपत चाचपत खाणं शोधून काढतात, बाम तिच्या लांब नाकानं तेच करते. तिसरी पार्टी म्हणजे खवली, दांडवण, झेब्रा असले लहान खवल्यांचे झुंडीनं राहणारे मासे, हे दिसेल त्याला तोंड लावून पाहतात, पटलं नाही तर थुंकतात. या तिसऱ्या पार्टीसाठी तर हा लेखच वाचायची गरज नाही, बारीक दाणा हातानं चुरून टाका, तीनचार दिवसांत खातील. डोकेदुखी पहिल्या दोघांची आहे, आणि नजरेवाल्याचा उपाय वासवाल्यावर केला की फसतो, तेच उलटंही.

कोणताही रस्ता धरा, पहिले दोनतीन दिवस मात्र काहीच टाकू नका. मासा घाबरलेला असतो, बादलीत हिसके खाऊन आलेला असतो, त्याला लपायला जागा द्या, फुटकं मडकं नाहीतर कौलाचा तुकडा चालतो, काचेला तिन्ही बाजूनं पेपर लावा आणि लाइट बंद ठेवा. मरळ असेल तर झाकण पक्कं करा, वर वीट ठेवा, ती उडी मारतेच मारते. पण झाकण आणि पाणी यांच्यामधी चारपाच बोटं हवेची जागा सोडा, कारण मरळ वर येऊन हवा घेते, तिला तशी हवा मिळाली नाही तर ती पाण्यात असूनही गुदमरते.

पाण्याचंही पाहून घ्या, कारण इथंच जास्त मासे जातात आणि नाव दाण्याचं होते. आपल्याकडं बोअरचं पाणी जड, त्याचा पीएच बहुतेक वेळा आठच्या आसपास. न खाल्लेलं खाणं सडलं की अमोनिया तयार होतो, आणि तोच अमोनिया सातच्या पीएचपेक्षा आठच्या पीएचला साधारण दहापट जास्त जहरी असतो, पाणी गरम असेल तर आणखी. नवीन टाकीत हा अमोनिया खाणारे जिवाणू जमायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे तुम्ही नवीन टाकी, बोअरचं पाणी आणि न खाणारा मासा असं तिन्ही एकाच दिवशी जमवलं आणि "खाईल कधीतरी" म्हणून रोज चिमूटभर दाणा टाकत राहिले, तर मासा उपासानं मरत नाही, त्या सडक्या दाण्यानं मरतो. टाकलेलं अर्ध्या तासात खाल्लं नाही तर नळीनं ओढून काढायचं, हे तिन्ही रस्त्यांना लागू, फक्त रात्री खाणाऱ्या माशाचं उरलेलं सकाळी उठल्याबरोबर काढायचं.

आणि एकदा त्याची विष्ठा पहा. पांढरी दोऱ्यासारखी लोंबत असेल, नाहीतर गुदापाशी लाल बारीक धागे बाहेर आलेले दिसत असतील तर पोटात जंत असू शकतात, जंगली माशात हे नेहमीचंच. जंतवाला मासा खात नसेल तर तो दाणा ओळखत नाही म्हणून नव्हे, आजारी आहे म्हणून. शेळ्यामेंढ्यांच्या जंताचं जे औषध असते त्यातली काही माशांनाही चालतात पण डोस जनावराच्या डॉक्टरला विचारूनच, बाटलीच्या झाकणानं मोजून टाकायची भानगड करू नका.

आता उपासाकडं येऊ, कारण सगळ्यांना आधी तोच सुचतो. फुकट आहे, मेहनत नाही, आणि पाणीही साफ राहते. मासा थंड रक्ताचा प्राणी, त्याला शरीर गरम ठेवायला काही जाळावं लागत नाही, त्यामुळं भरल्या अंगाची वीतभर मरळ दोन आठवडे उपाशी राहिली तरी तिला विशेष काही होत नाही. माझ्याकडं चन्ना गचुआ होती, ती लहान जातीची मरळ जी मोठी होऊन वीतभरच राहते, तिनं चौदाव्या दिवशी दाणा घेतला. पण कसा घेतला ते ऐका, मी दाणा नुसता टाकला नव्हता, वरून एकेक असा सोडत होतो की पाण्यावर टप्प आवाज व्हावा आणि तो जरा घरंगळत खाली जावा. नजरेवाल्याला हालचाल लागतेच, उपास कितीही करा.

याच यशावर फुगून मी पुढची चूक केली. चांद्याचे नऊ मासे आणले, बोटाच्या पेराएवढे, आणि त्यांनाही तोच हिशोब लावला. पाचव्या दिवसापर्यंत चार गेले. एवढ्याशा अंगात साठा तरी किती असणार, मोठ्या माशाचे दोन आठवडे म्हणजे त्यांचे दोनतीन दिवस. बाकीचे पाच मी कूलरच्या टाकीतल्या डासाच्या अळ्यांवर वाचवले. दोष पूर्ण माझा, माशाचा नाही आणि दाण्याचाही नाही. तेव्हापासून माझा नियम असा की करंगळीपेक्षा लहान माशाला उपासानं शिकवायचं नाही, आणि मोठ्यालाही वरून पाहायचं, डोक्याच्या मागं पाठ खचल्यासारखी दिसली, डोकं मोठं आणि अंग बारीक वाटायला लागलं की उपास तिथंच बंद, जिवंत काहीतरी द्यायचं आणि दुसरा रस्ता धरायचा. बाम आणि फोलट यांच्यावरही उपास चालवू नका. हे आधीच लाजरे, भूक लागली तर आणखी कोपऱ्यात जाऊन बसतात, आणि आपण समजतो की थांबलं पाहिजे.

म्हणजे उपास कोणासाठी, तर मोठा, धष्टपुष्ट, शिकारी, दिवसा खाणारा मासा असेल आणि तुमच्याजवळ रोजचा वेळ नसेल त्याच्यासाठी. एवढंच. बाकी लोक उपासाचं जेवढं कौतुक करतात तेवढा तो कामाचा नाही.

मिसळण हा माझा आवडता रस्ता, आणि सगळ्यात किचकट. इथं जरा थांबून सांगतो.

सुरुवात त्याच्या ओळखीच्या खाण्यानं करायची. गावात गांडुळं फुकट मिळतात, पण कोणती ते महत्त्वाचं. गांडूळखताच्या खड्ड्यात जी लाल पट्ट्यापट्ट्याची गांडुळं असतात ती आयसेनिया फेटिडा जातीची, दाबली की पिवळं घाण वासाचं पाणी सोडतात, बरेच मासे ती तोंडात घेऊन लगेच थुंकतात आणि मग आपल्याला वाटते की हा मासा गांडूळही खात नाही म्हणजे कठीणच आहे. न्हाणीचं पाणी जिथं मुरते तिथली, नाहीतर केळीच्या बुडाशी असतात ती साधी मातीची गांडुळं घ्या. धानाच्या नाहीतर कापसाच्या वावरातली घेऊ नका, फवारणी झालेली असते, आणि आजकालची बरीच कीटकनाशकं माणसाला जेवढी बाधत नाहीत त्याच्या कितीतरी पट माशाला बाधतात. डासाच्या अळ्या कूलरच्या टाकीत, रांजणात सापडतात, चहाच्या गाळणीनं काढल्या की झालं, पण सगळ्या काढायच्या, माशासाठी म्हणून घरात डास वाढवत बसू नका, डेंग्यू आपल्याला परवडत नाही. नालीतल्या लाल अळ्या आणि ट्युबिफेक्स नावाचे दोऱ्यासारखे किडे मी देत नाही, घाणीतनं काय येईल सांगता येत नाही.

मासा जिवंत खायला लागला की पुढची पायरी मेलेलं खाणं. इथं आठवडी बाजारातले झिंगे कामाला येतात. सोलायचे, बारीक तुकडे करायचे, आणि नजरेवाल्या माशासाठी तुकडा शिंदीच्या फड्याच्या काडीवर टोचून त्याच्यापुढं हलवायचा. हळू, थांबून थांबून, झिंगा पोहतो तसा. पहिले दोनतीन दिवस तो काडीलाच घाबरतो, मग एकदा झडप मारतो आणि तिथून काडी दिसली की पुढं येतो. इथं आपण अर्धं काम केलेलं असते, कारण आता "वरून येते ते खाणं" हे त्याला समजलं. वासवाल्याला काडी नको, त्याचा तुकडा रात्री लाइट बंद केल्यावर तो लपतो त्या मडक्याच्या तोंडाशी ठेवा आणि जाऊन झोपा.

मग दाण्याची मिसळण. दाणे मिक्सरमधी फिरवून पूड करायची, झिंग्यांची पेस्ट करायची, आणि दोन्ही बांधायला काहीतरी पाहिजे. शहरातले लोक जिलेटिन वापरतात, आपल्याकडं ते उन्हाळ्यात फसते, कारण जिलेटिन तिशी-पस्तिशीच्या आसपासच्या तापमानाला सैल व्हायला लागते आणि एप्रिलमधी आपल्या टाकीचं पाणीच तिथं पोहोचलेलं असते, गोळा टाकला की ढगासारखा विरघळून जातो. किराण्यात चायना ग्रास मिळते ते घ्या, उकळल्याशिवाय वितळत नाही. वाटीभर पाण्याला साधारण दीडदोन ग्रॅम उकळून पूर्ण विरघळवायचं, बोट बुडवता येईल एवढं कोमट झालं की त्यात पेस्ट आणि पूड घालून ताटलीत ओतायचं. गरम असतानाच पूड टाकू नका, दाण्यातलं क जीवनसत्त्व उष्णतेनं जाते. थिजलं की सुरीनं बारीक काड्या पाडायच्या. फ्रीझरमधी ठेवू नका, पाणी सुटून स्पंजासारखं होते, खालच्या कप्प्यात चारपाच दिवस राहते म्हणून थोडंच करायचं. आमच्याकडं आई म्हणते, "तुह्या मच्छीची बर्फी वरणाच्या बाजूले ठेवू नको, एखाद दिवस पाहुण्याले वाढीन मी." डबा वेगळा ठेवा आणि त्याच्यावर लिहा.

पहिल्या खेपेला तीन भाग झिंगे एक भाग पूड. आठवडाभर बिनबोभाट खाल्लं की अर्धं अर्धं, मग एकास तीन. शेवटी अख्खा दाणा झिंग्याच्या पाण्यात दहा मिनिटं भिजवून त्याच काडीनं. झिंग्यात बिटेन आणि काही अमिनो आम्लं असतात जी माशाची भूक चाळवतात, म्हणून भिजवायचं. लसणाचा रस लावा असंही बरेच जण सांगतात, मी लावून पाहिला, झिंग्याच्या पाण्यापेक्षा वेगळं काही दिसलं नाही आणि घरभर वास. मध्येच त्यानं तोंड फिरवलं तर एक पायरी मागं यायचं, दोन नाही.

माझ्या दुसऱ्या मरळीला या रस्त्यानं सव्वीस दिवस लागले. उपासाच्या चौदा दिवसांपेक्षा जास्त, खरं आहे, पण त्या चौदा दिवसांत पहिली मरळ बारीक झाली होती आणि ही सव्वीस दिवसांत अंगानं भरली. आणि एक फरक नंतर कळला, उपासवाली काही दिवसांनी पुन्हा रुसली, तीनदा रुसली, मिसळणवाली एकदाही नाही. दोनच माशांवरनं शास्त्र मांडत नाही मी, पण मरळीची शेती करणारेही पिलांना दाण्यावर आणताना असंच थोडं थोडं बदलत नेतात, एकदम नाही, आणि तेही लहानपणीच, कारण मासा जेवढा मोठा होऊन आला तेवढी त्याची सवय पक्की. म्हणून निवडायला मिळत असेल तर हातभर मरळ आणू नका, बोटभर आणा. धारीची मोठी मरळ असली तर तिची टाकी काही महिन्यांतच अपुरी पडते ते वेगळंच.

तोटा काय, तर रोज माणूस लागतो. शेतात काम निघालं, लग्नसराई आली, दोन दिवस चुकले की पोरं "खाल्लं नाही त्यानं" म्हणून गांडूळ टाकून मोकळी होतात आणि गाडी पुन्हा पहिल्या स्टेशनवर. पाणीही जास्त खराब होते, पेस्टचे कण गिट्टीत जातात, आठवड्यातनं दोनदा तरी पाव टाकी बदलावी लागते. एकजण घरात सांगून ठेवायचा की हे काम तुझं.

आता संगत. हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मजेचा. दाणा खाणारे पाचसहा मासे सोबत असले की दाणा पाण्यात पडल्याबरोबर ते धावतात, ओढाओढ होते, आणि नवीन मासा त्या गोंधळात तोंड घालतो, कारण दुसरा खाऊन राहिला म्हणजे ते खाणं आहे एवढं त्याला समजते. वर भीतीही मोडते, समोर दुसरे मासे उघड्यावर फिरताना दिसले की लाजरा मासा मडक्यातनं बाहेर येतो. चांद्याचे जे पाच वाचले होते ते मी असेच शिकवले, आधीपासून दाण्यावर असलेल्या दांडवणीच्या टाकीत सोडले, अळ्या आणि पिठासारखा बारीक दाणा एकत्रच टाकत गेलो, दहाबारा दिवसांत पाचपैकी तीन दाण्याचे कण वेचायला लागले. उरलेले दोन शेवटपर्यंत अळ्यांवरच राहिले. चांद्यातही चांदा नामा ही जात दुसऱ्या माशांचे खवले खाते, दांडवणीच्या अंगावरचे खवले गायब व्हायला लागले तर संगत मोडा.

पण संगत लावायच्या आधी तोंड मोजा. मरळीला दांडवण शिक्षक म्हणून दिली तर मरळ शिक्षकच खाते, आणि मग वर दाण्याची गरज काय. मरळीला मरळच पाहिजे, साधारण तेवढीच, आणि दोन मरळींचं जमेलच असं नाही, एकीनं दुसरीची शेपटी खाल्लेली मी पाहिली आहे. शिंगूरसाठी संगत चांगली चालते, ते घोळक्यात राहतात, एक खायला लागला की बाकीचे. बामेला काहीच फायदा नाही, ती बाहेर येईपर्यंत बाकीच्यांनी सगळं संपवलेलं असते. तिच्यासाठी मिसळणच, रात्रीची, आणि तरी हमी नाही. माझी बाम दोन महिन्यांनी झिंग्याच्या तुकड्यावर आली, दाण्याला तिनं आजपर्यंत तोंड लावलेलं नाही.

संगतीतली खरी जोखीम मात्र रोगाची. तुमचा मासा तलावातनं आला, सोबती दुकानातनं, दुकानात दहा गावचे मासे एकाच पाण्यात. पांढरे ठिपके पडायचा रोग असा सरळ चालून येतो. उलटंही होते, जंगली माशाचे जंत दुकानातल्या माशाला. दोघांनाही वेगवेगळं तीन आठवडे ठेवून मग एकत्र करायचं म्हणजे दुसरी टाकी आली, दुसरा पंप आला, आणि "स्वस्त" म्हणून निवडलेला रस्ता तेवढा स्वस्त राहत नाही. घरी आधीच जुने निरोगी दाणाखाऊ मासे असतील तर गोष्ट वेगळी.

दाणा कोणता घ्यायचा हेही विचारतात. मरळ वर पाहून खाते, तिला तरंगणारा. शिंगूर, वाघूर, बाम यांना बुडणारा, तरंगणारा दाणा देऊन शिंगूर खात नाही म्हणणारे मला दर वर्षी दोघं तरी भेटतात. आकार तोंडाच्या अर्ध्यापेक्षा कमी, आणि नवीन माशाला कडक दाणा नको, आधी भिजवून मऊ. मत्स्यशेतीवाल्यांकडचं पोतं स्वस्त पडते पण ते बहुधा रोहू-कटल्याचं असते, त्यात प्रथिनं पंचवीस-तीस टक्क्यांच्या आसपास, शिकारी माशाला चाळीसच्या वर लागतात, पिशवीमागं लिहिलेलं असते ते वाचा. मोठं पोतं घेऊही नका, उघडल्यावर दमट हवेत दोनतीन महिन्यांत त्यातलं तेल खवट होते आणि मासा जे शिकला ते पुन्हा थुंकायला लागतो.

हंगामाचा हिशोबही ठेवा. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडं रात्री पारा दहाच्या खाली जातो, उघड्या पडवीतल्या टाकीचं पाणी सोळा-अठरावर येते, मासा तेव्हा खातच नाही, मग कोणताही रस्ता करा. मे महिन्यात उलटं, पाणी पस्तिशीला, आणि गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, वीस अंशाला लिटरमागं नऊ मिलिग्रॅमच्या आसपास तर पस्तीसला सात. त्यात लोडशेडिंग झालं, पंप बंद, आणि टाकीत झिंग्याची पेस्ट सडलेली, म्हणजे सकाळी सगळे उताणे. मिसळण करायची तर ऑक्टोबर-नोव्हेंबर नाहीतर फेब्रुवारी धरा. मेमधी मासा आलाच तर संगत, नाहीतर मोठा असेल तर उपास, पेस्ट नको.

तर असं बसवा. शिंगूर-वाघूर आणले असतील तर फार डोकं लावू नका, बुडणारा दाणा झिंग्याच्या पाण्यात भिजवून रात्री टाका, माझ्याकडं चौथ्या रात्री खाल्ला होता, घोळका असेल तर आणखी लवकर. लहान मरळ असेल आणि घरी रोज कोणी असेल तर मिसळण, कोणी नसेल आणि मरळ चांगली भरलेली असेल तर उपास, पण नजर ठेवून. चांद्याला अळ्या चालू ठेवून संगत. फोलट आणि बाम यांना मिसळण, आणि मनाची तयारी की झिंग्यावरच थांबावं लागेल. लांब चोचीवाला आणू नका. तो पाण्यावरचे किडे आणि जिवंत बारीक मासेच खातो, दाण्यावर आणायचे माझे दोन प्रयत्न वाया गेले, आणि काचेवर आपटून चोच मोडून घेतो ते वेगळं.

चौथ्या रस्त्याचं म्हणाल तर आयुष्यभर जिवंत खाणं देणं गावात शहरापेक्षा सोपं आहे, ही गोष्ट आपण विसरतो. नागपुरातल्या माणसाला गांडूळ विकत घ्यावं लागते, आपल्याला न्हाणीमागं खुरपं मारलं की मिळते. अडचण येते ती मार्च ते जून, माती वाळून टणक झाली की गांडूळ खोल जाते आणि बोड्या आटतात. तेवढ्यासाठी झिंगे साठवून ठेवायचे. मात्र रोज कच्चे झिंगे आणि कच्चे बारीक मासेच देत राहिले तर ब१ जीवनसत्त्व कमी पडते, कारण काही माशांत आणि झिंग्यांत थायमिनेज नावाचं विकर असते जे ब१ मोडते. उकळलं की ते विकर निकामी होते, म्हणून आठवड्यातले काही दिवस उकडून द्या आणि गांडूळ-अळ्या आलटूनपालटून ठेवा. दाण्याचा खरा फायदा इथंच आहे, त्यात जीवनसत्त्वं मोजून घातलेली असतात, आणि चार दिवस गावाला गेलो तर शेजारच्या पोराला "रोज सकाळी दहा दाणे" एवढंच सांगून जाता येते. त्याला गांडूळ कापायला सांगून पहा बरं.

आणि एक, मासा कुठून आणला ते. व्याघ्र प्रकल्प-अभयारण्याच्या हद्दीतल्या पाण्यातनं काढायचा नाही, आणि गावतलाव मच्छीमार संस्थेकडं ठेक्यानं असते तेव्हा आधी त्यांना विचारायचं, बहुतेक वेळा ढिवर दादा स्वतःच जाळ्यातला बारीक मासा देतात आणि वर हसतात की हा घरात ठेवून काय करतो.

कोणताही रस्ता निवडायच्या आधी याचाही विचार करून ठेवा की नाहीच खाल्लं तर मासा परत सोडता येईल का. उपास आणि मिसळणीत येतो, ज्या बोडीतनं आणला त्याच बोडीत, लवकर, अंगावर मांस असतानाच. औषध दिलं असेल किंवा दुकानातल्या माशासोबत एक दिवस जरी राहिला असेल तर नाही, त्याच्यासोबत दुकानातला रोग अख्ख्या तलावात जाईल आणि त्या तलावावर चार घरं जगतात. म्हणून ज्या माशाचा भरवसा नाही त्याला संगतीत टाकायच्या आधी पंधरा दिवस मिसळण करून पहा, संगत शेवटी.